एका खुर्चीवर दोन विहिणी

रविवारी दुपारी थिएटरच्या दारवानाचा फोन आला, तेव्हा कॉम्प्युटरबाई स्वयंपाकघरातल्या सिंकखाली डोकं घालून बसल्या होत्या. पाइप गळत होता, हातात पाना होता आणि नवरा वरून टॉर्च धरून नको ते सल्ले देत होता.

"बाई, लगेच या," दारवान म्हणाला. "इथे एका खुर्चीवर दोन बाया बसल्यात. दोघींकडे तिकीट आहे. दोन्ही तिकिटं खरी आहेत."

"मॅनेजरना सांगा ना. ते बघतील."

"ते आत घंटेपाशी उभे आहेत, घामाने निथळतायत. आणि बाई, तशा जोड्या पुष्कळ आहेत. पण ही जोडी तुम्हीच सोडवायला हवी."

"का?"

दारवान जरा घुटमळला. "एक तुमच्या आई आहेत. दुसऱ्या तुमच्या सासूबाई."

बाईंनी झटकन डोकं वर उचललं आणि ते सिंकला आपटलं.

कॉम्प्युटरबाई हे नाव त्यांना थिएटरातल्या लोकांनी दिलेलं. तिकीटविक्रीची सगळी यंत्रणा त्यांच्या ताब्यात होती. गावात तिकिटं दोन ठिकाणी मिळत: एक खिडकी थिएटरात, दुसरी बाजारातल्या ऑफिसात. दोन्हीकडे एकेक सर्व्हर. रोजचा कारभार थिएटरचा सर्व्हर बघायचा. बाजारातला त्याला विचारून तिकीट द्यायचा आणि प्रत्येक विक्रीची नक्कल आपल्याकडे उतरवून घ्यायचा. थिएटरचा बंद पडलाच, तर बाजारातल्याने कारभार हाती घ्यायचा, म्हणजे खिडकी कधीच बंद पडायची नाही. दोघंही अखंड एकमेकांना विचारत राहायचे, "आहेस ना?" "आहे." "आहेस ना?" "आहे." बाईंना हा संवाद फार आवडायचा. नवऱ्याला त्या म्हणायच्या, बघा, शिका काहीतरी.

त्या दिवशी सकाळी बाईंच्या फोनवर संदेश आला होता: 'दुसरीकडून उत्तर नाही. कारभार मी घेतला आहे.' तो बाजारातल्या सर्व्हरचा होता. बाईंचा ऊर भरून आला. थिएटरचा बंद पडला आणि बाजारातल्याने बिनबोभाट सगळं सांभाळलं! पाठोपाठ तसाच दुसरा संदेश आला. पहिले शब्द तेच होते, म्हणून तोच पुन्हा आला असेल असं वाटून बाईंनी तो उघडलाच नाही, आणि कौतुकाने नवऱ्याला म्हणाल्या, "माझं बाळ एकट्याने उभं राहिलं."

तो दुसरा संदेश थिएटरच्या सर्व्हरचा होता. त्यात लिहिलं होतं: 'दुसरीकडून उत्तर नाही. कारभार मीच चालवतो आहे.'

बाळं दोन होती आणि दोन्ही उभी होती.

थिएटरला जाताना रिक्षात त्यांनी तो संदेश वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाजाराच्या वळणावर रस्ता खणलेला होता, खड्ड्याच्या तोंडाशी तुटलेल्या केबलचं टोक लोंबत होतं आणि खणणारी माणसं शेजारी बसून निवांत चहा पीत होती. सर्व्हर मेला नव्हताच कुठला. मधली वाट तेवढी तुटली होती. पण यंत्राला काय कळणार? त्याने हाक मारली, उत्तर आलं नाही, त्याने समोरच्याला मेलेला धरलं. दुसऱ्यानेही तेच केलं. आणि मग दोघांनी सकाळपासून, एकमेकांच्या नावाने आंघोळ करून, त्याच नाटकाची त्याच खुर्च्यांची तिकिटं मनसोक्त विकली.

नाटक होतं विनोदी आणि प्रयोग शेवटचा. म्हणजे गर्दीला काय तोटा.

आत पाऊल टाकलं तर नाटक पडदा उघडण्याआधीच सुरू झालेलं. जागोजाग माणसं तिकिटं नाचवत उभी. एक तरुण जोडपं दुसऱ्या तरुण जोडप्याला खुर्चीच्या मागची अक्षरं वाचून दाखवत होतं. पडद्याच्या फटीतून एक अर्धी मिशी चिकटवलेला नट बाहेर डोकावून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की एवढी गर्दी त्याने जन्मात पाहिली नसावी.

आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, बाईंच्या आई आणि सासूबाई. अर्ध्या खुर्चीवर ही, अर्ध्या खुर्चीवर ती. दोघींच्या पर्सा मांडीवर, दोघींची नजर समोर पडद्यावर.

"तुम्ही नीट बसा हो, विहीणबाई," आई म्हणत होती. "माझं काय, मी उभी राहीन."

"छे छे, असं कसं? तुमचे गुडघे," सासूबाई म्हणत होत्या. "मीच उठते."

उठत मात्र कोणीच नव्हतं.

सासूबाई बाईंच्याच घरात राहायच्या. जेवण झाल्यावर 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून त्या बाहेर पडल्या होत्या. आई बाजाराजवळ एकटी राहायची. तिने सकाळीच फोन करून सांगितलं होतं की डोकं दुखतंय, आज झोपून राहणार आहे, फोन करू नकोस. दोघींचे गुडघे सारखेच कुरकुरे, म्हणून दोघींनी आपापल्या खिडकीवर पाय पसरायला मोकळी अशी कडेची खुर्ची मागितली. आणि दोन्ही यंत्रांनी, मोठ्या इमानदारीने, तीच दिली.

"आई, तू झोपणार होतीस ना?" बाई म्हणाल्या.

"झोप लागेना," आई पडद्याकडे बघत म्हणाली.

"आणि सासूबाई, तुम्ही पाय मोकळे करायला..."

"इथे बरे मोकळे होतात."

"मला सांगायचं होतंत. मी पास आणले असते."

हे ऐकून मात्र दोघींनी एकदमच मान वळवली. गेली कित्येक वर्षं बाई पास आणणार होत्या. साऱ्या गावाला नाटकं दाखवणारी ही बाई घरच्यांना नुसती आश्वासनं दाखवते, याबद्दल दोन्ही घरांत एकमत होतं. दोन्ही घरांचं एकमत असलेला तेवढा एकच विषय होता.

"बरं, आता तूच सांग," आई म्हणाली. "ही खुर्ची कोणाची?"

"हो, सांग ना गं," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

बाईंनी आईकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. दोघी हसत होत्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडून आपुलकीने 'ये ना' म्हणून बोलावणं. आईच्या बाजूने बोलावं तर रात्रीचं जेवण सासूबाईंच्या समोर बसून करायचं होतं. सासूबाईंच्या बाजूने बोलावं, तर आईचं डोकं पुढचा महिनाभर दुखणार होतं.

"मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "मी दोन्हीकडची आहे. माझं मत धरायचं नाही." आणि त्यांनी दारवानाला हाक मारली. "या दोघींपैकी आधी कोणाचं तिकीट फाडलंत?"

दारवान दचकला. "मला कशाला मध्ये घालता, बाई?"

"तुम्हाला या दोघींशी काही देणंघेणं नाही, म्हणूनच. आधी कोण आलं, एवढंच सांगा."

दारवानाने दोघींना निरखलं, डोकं खाजवलं, आणि हळूच सासूबाईंकडे बोट केलं.

आई ताबडतोब उठली. तिला हरण्याचं दुःख नव्हतं, लेकीने निकाल दिला नाही हे तिला बरं वाटलं असावं. दारवानाने तिच्यासाठी मॅनेजरच्या खोलीतली गादीची खुर्ची आणून वाटेच्या कडेला टाकली. ती टेकून बसायला इतकी ऐसपैस होती की सासूबाईंचा विजय पहिला अंक संपायच्या आतच फिका पडला.

बाकीच्यांना मॅनेजरांनी हात जोडले. काहींनी संध्याकाळच्या जादा प्रयोगाची तिकिटं घेतली, काही पायऱ्यांवर बसले. जादा प्रयोग ऐनवेळी लागल्याने अर्धी मिशी लावलेल्या नटाचा आनंद तेवढा मावळला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या खोलीत बैठक बसली. एका बाजूला मॅनेजर. दुसऱ्या बाजूला बाजारातल्या ऑफिसचे प्रमुख, ज्यांना सगळे खिडकीसाहेब म्हणत, कारण ते दिवसभर तिकीटखिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्यावर देखरेख करायचे.

"तुमचं मशीन मेलं होतं," खिडकीसाहेब म्हणाले. "माझ्याने गाडा ओढला. त्याचे आभार राहिले बाजूला."

"माझं मेलं नव्हतं! तुमचंच मेलं होतं!"

"मेलेलं मशीन तिकिटं विकतं होय?"

"दोन्ही जिवंत होती," बाई म्हणाल्या. "तेच तर दुखणं आहे. समोरचा मेलाय की नुसता ऐकू येत नाही, हे एकट्याला कधीच कळत नाही. दोघांत वाट तुटली की दोघंही स्वतःला खरे वारस समजतात. म्हणून तिसरा लागतो. मी मागेही म्हणाले होते."

"दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ," मॅनेजर मान हलवत म्हणाले. मागच्या बैठकीतही ते हेच म्हणाले होते, आणि विषय तिथेच संपला होता.

"या तिसऱ्याला कसला लाभ? त्याच्याकडे तिकीट नाही, खुर्ची नाही, नाटक कुठलं ते त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे फक्त एक मत. खिडकीसाहेब, तुम्ही तुमच्या कॉलनीच्या सभांना जाता ना? माणसं कमी आली तर काय होतं?"

"कोरम नाही म्हणून सभा तहकूब. दर वेळी होते."

"जमलेली माणसं काय मेलेली असतात? चांगली धडधाकट असतात. पण निम्म्याहून जास्त जमल्याशिवाय त्यांनी ठराव करायचा नाही. इथेही तसंच. दोन सर्व्हर आणि एक पंच, मिळून तीन मतं. ज्याच्याकडे दोन मतं, त्याने तिकिटं विकायची. ज्याला आपल्यापलीकडे कोणीच दिसत नाही, त्याने गप्प बसायचं, मग तो कितीही ठणठणीत असो."

"आणि केबल तुटली, पण पंच दोघांनाही दिसतोय, तर?"

प्रश्न खिडकीसाहेबांनी विचारला होता आणि तो चोख होता. बाईंनी खूश होऊन टेबलावर हात आपटला. "तर दोघं पंचाकडे धावतात. जो आधी पोचला त्याला मत. दुसऱ्याला पंच सांगतो, उशीर झाला, थांब. आणि जिंकलेला लगेच कारभार सुरू करत नाही. दुसरा दुकान आवरेपर्यंत क्षणभर वाट बघतो."

"म्हणजे काल दारवानाने केलं ते," मॅनेजर म्हणाले.

"तेच. फक्त पंचाला माझ्या सासूबाई बघून घाम फुटणार नाही."

पंच नेमायचं ठरलं. पण तो ठेवायचा कुठे, यावर चहाचे आणखी कप रिकामे झाले. मॅनेजर म्हणाले, माझ्या कपाटात जागा आहे. खिडकीसाहेब म्हणाले, माझं कपाट जास्त कोरडं आहे. बाई म्हणाल्या, पंच एकाच्या घरी जेवायला राहिला तर दुसऱ्याने त्याचा निकाल का मानावा? शिवाय मॅनेजरांच्या इमारतीची वीज गेली की सर्व्हर आणि पंच दोघंही एकदम जायचे. मग बाजारातला बिचारा एकटा एका मतावर काय करणार? पंच हवा तिसऱ्या इमारतीत. त्याची वीज वेगळी, त्याच्या तारा वेगळ्या.

शोधता शोधता वाचनालय सापडलं. तिथल्या ग्रंथपालबाई कमी बोलणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर बाकीचेही कमी बोलायचे. बाईंनी जेवणाच्या डब्याएवढी पंचाची पेटी त्यांच्यासमोर ठेवली.

"आवाज करते?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"नाही."

"रोज काही विचारते?"

"तुम्हाला नाही. त्या दोघांना."

"मग ठेवा," त्या म्हणाल्या आणि शब्दकोशांच्या कपाटावरची धूळ पुसून जागा करून दिली.

मग परीक्षेचा दिवस. बाईंचं म्हणणं, जी केबल अचानक तुटणार आहे ती आपण आधी मुद्दाम काढून बघावी. मॅनेजरांना हे हात दाखवून अवलक्षण वाटत होतं, पण अखेर त्यांनी डोळे मिटून होकार दिला. भर कामाच्या वेळी, दोन्ही खिडक्यांपुढे रांग असताना, बाईंनी दोघांतली केबल उपसली.

क्षणभर दोन्ही खिडक्या थबकल्या. मग थिएटरची चालू झाली. बाजारातल्या पडद्यावर आलं: 'कृपया थांबा.'

लगेच खिडकीसाहेबांचा फोन. "बाई! माझं मशीन मुकं झालंय!"

"झालंय नाही, बसलंय. शहाण्यासारखं."

"अहो, ठणठणीत आहे ते! दिवा लागलाय, पंखा फिरतोय, मी हात लावून बघितला, अंग गरम आहे! मग तिकडचं बोलणार आणि माझं का नाही?"

"तिकडचं पंचाकडे आधी पोचलं."

"म्हणजे वशिला."

"वशिला नाही हो. क्षणाचा फरक."

खिडकीसाहेबांचा विश्वास बसेना. सुंभ जळला तरी पीळ कसा जाईल? बाईंनी केबल पुन्हा जोडली. बाजारातल्या सर्व्हरने मधल्या वेळात झालेली विक्री मुकाट्याने उतरवून घेतली आणि खिडकी सुरू झाली. तरी साहेब फोनवरच. "पुन्हा काढा. एकदा अजून."

बाईंनी पुन्हा काढली. या वेळी बाजारातला आधी पोचला. तिकडून फोनमध्ये असा जल्लोष ऐकू आला, जणू साहेब स्वतः पळत वाचनालयात जाऊन आले होते. इकडे मॅनेजर मात्र आपल्या बंद पडद्यापुढे हिरमुसून बसले. "ठणठणीत आहे हो आमचं," ते पुटपुटले. "पंखा फिरतोय बघा."

"चला, गप्प बसायची सवय आता दोन्ही बाजूंना झाली," बाई म्हणाल्या.

काही दिवसांनी बाईंच्या फोनवर संदेश आला की पंच नाहीसा झाला. या वेळी बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, आणि त्यानंतरचाही वाचला. वाचनालयातल्या झाडूवाल्या मावशींनी धूळ ओढायचं मशीन लावायला पेटीचा प्लग काढला होता आणि परत लावायचा राहिला होता. बाई धावत गेल्या. मॅनेजर त्यांच्या मागे, धापा टाकत.

"आता दोन्ही खिडक्या बंद?"

"एकही नाही. दोघं एकमेकांना बघतायत ना? तिनातली दोन मतं आहेत. दोघांचं जमत असलं की पंचाची गरज पडत नाही."

"मग धावलो कशाला?"

"याच वेळी केबल तुटली असती, तर दोघंही गप्प बसले असते म्हणून."

मॅनेजर शब्दकोशांच्या कपाटाला टेकून बसले आणि मोठ्याने हसले. ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते लगेच थांबले.

इकडे घरात वेगळंच घडलं होतं. त्या नाटकाच्या दिवशी मध्यंतरात आई आणि सासूबाईंना कळलं की दोघींनाही नाटक आवडलेलं नाही. नायिका आगाऊ, नायक बुळा, आणि सासूच्या कामातली बाई तर अगदीच कच्ची. तेव्हापासून दोघींचे फोन सुरू झाले. महिन्यातून एकदा दोघी मिळून नाटकाला जायच्या, शेजारशेजारच्या खुर्च्या घ्यायच्या आणि घरी येऊन नाटकाच्या चिंध्या करायच्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणत बाई दोघींसाठी चहा टाकायच्या. एका संध्याकाळी त्यांच्या कानावर पडलं, सासूबाई म्हणत होत्या, "तुमच्या लेकीला कशाचं म्हणून आमंत्रण द्यायची सोय नाही, लगेच मशीन बिघडलं म्हणते." आणि आई म्हणत होती, "लहानपणापासून तशीच." बाई दारातूनच परत फिरल्या. दोन मतं झाली होती, आता तिसऱ्याचं कोण विचारतं?

हिवाळा संपता संपता बाजारातला रस्ता पुन्हा खणला गेला. या वेळी खणणाऱ्यांनी कसलीच केबल सोडली नाही. बाजारातल्या ऑफिसाचा थिएटरशीही संबंध तुटला आणि पंचाशीही. थिएटरच्या सर्व्हरने पंचाला हाक मारली, त्याचं उत्तर आलं, दोन मतं झाली, विक्री चालू राहिली. बाजारातल्याला कोणीच दिसेना, तो गप्प झाला.

बाई पोचल्या तेव्हा बाजारातल्या खिडकीपुढे मोठी रांग होती. एक तावातावाने बोलणारे गृहस्थ खिडकीसाहेबांना म्हणत होते, "तुमचं यंत्र चालू दिसतंय की! दिवा लागलाय. तिकीट द्यायला काय होतंय?"

खिडकीसाहेबांनी डोकं चांगलं लांब बाहेर काढलं. बाईंना वाटलं, आता हा माणूस यंत्राला चापट मारून तिकीट काढायला लावणार.

"चालू आहे, पण त्याला पलीकडचं काही दिसत नाही," साहेब म्हणाले. "न बघता तिकीट दिलं, तर तुम्ही ज्या खुर्चीवर जाऊन बसाल त्यावर दुसरं कोणी बसलेलं असेल. तेव्हा आमचं यंत्र आपण होऊन गप्प बसलंय. असं यंत्र शोधून सापडायचं नाही. तुम्ही आपले थिएटरला जा, तिथे मिळेल."

गृहस्थ कुरकुरत वळले. साहेबांची नजर बाईंवर गेली, आणि ते एकदम कडक आवाजात म्हणाले, "बघताय काय? केबल जोडा."